‘हे संपतं कधी?’ असं विचारणाऱ्या डॉक्टर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, कोप्पीकर रोडवरचे, आपल्या सगळ्यांचे जुने स्नेही माननीय गोविंदराव तेलसंग. व्यासपीठावर बसलेले आमच्या विहाराचे पूज्य भन्तेजी. उद्यापासून मानसोपचार विभागाची खुर्ची ज्यांना सांभाळायची आहे ते तरुण डॉक्टर किरण. मिरज-कोल्हापूरहून एवढ्या लांब आलेले पाहुणे. समोर बसलेल्या अक्का, अण्णा, माता-भगिनी आणि बंधूंनो. आणि ज्यांचा सत्कार करायचा त्या, संकोचून बसलेल्या डॉक्टर योगिता सरनोबत. सर्वांना माझा जय भीम आणि सविनय नमस्कार.

डॉक्टर मिरजेला जाणार. आता आईजवळ राहणार. त्यांच्या कामाचं मोजमाप करायला इथं मोठमोठी माणसं आहेत, आणि त्यांनी ते उत्तम केलं. मी, धम्मानंद, कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारा, सभांमधून घसा फोडणारा माणूस. मला वैद्यकशास्त्र कळत नाही. मी इथं एका मुलीचा काका म्हणून उभा आहे. माझ्या थोरल्या भावाची, प्रेमानंदची मुलगी, रश्मी. ती आज सभागृहात आहे. तिची गोष्ट सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. तिनं एकच अट घातली: ‘काका, माझं वजन किती होतं ते सांगायचं नाही. तो आकडा ऐकला की लोक वाईट वाटून घेतात, आणि आजारी मुली हेवा करतात.’ ही अट तिला कुणी शिकवली, हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरच दिसतंय. तेव्हा आकडा नाही.

पाहुण्यांसाठी आमच्या गावची एक रीत सांगतो. हुबळीत माणूस माणसाला भेटला की तब्येत विचारण्याआधी विचारतो, ‘ऊट आतेन्री?’ जेवण झालं का? आणि समोरचा म्हणतो, ‘आत्री.’ झालं हो. खरंच झालं असेल तरी तेच, उपाशी असेल तरी तेच. किती गोड रीत आहे! पण विचार करा, एखाद्या मुलीला आपण जेवत नाही हे लपवायचं असेल, तर याहून चांगलं गाव तिला कुठं मिळेल? कॉलेजात ‘आत्री’, शेजारी ‘आत्री’, आजीला ‘आत्री’. सगळ्या गावानं विचारलं, आणि उत्तराची वाट कुणीच पाहिली नाही.

आमचं घर उणकलला. प्रेमानंद रेल्वेत, वहिनी अंगणवाडीत, आणि आमची आई बाळाबाई, जिचं तारुण्य निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेलं. रश्मी घरातली पहिली मुलगी, जिच्या मार्कांवर सगळ्या वस्तीनं पेढे खाल्ले. डॉक्टर होणार, हे तिनं ठरवायच्या आधी वस्तीनं ठरवलं होतं. हसू नका, तुमच्याही वस्तीत असंच ठरतं.

त्या वर्षी आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पावसाळ्याच्या या महिन्यांत आमच्याकडे बरेच उपासक पौर्णिमेला अष्टशील घेतात. पांढरे कपडे घालतात, विहारात बसतात, आणि दुपारी बाराच्या नंतर जेवत नाहीत. रश्मीनं अष्टशील घेतलं. आम्हाला अभिमान वाटला. पौर्णिमा गेली तरी तिचं दुपारनंतरचं जेवण बंदच. आम्हाला जास्त अभिमान वाटला. मग सकाळचंही कमी होत गेलं. भाकरी गेली, भात गेला, राहिली ताकाची वाटी. विचारलं की म्हणायची, ‘पोट जड वाटतंय. मन कसं स्वच्छ वाटतंय, काका.’ पाळी थांबली, केस गळायला लागले, भर उकाड्यात ती स्वेटर घालून अभ्यासाला बसायची. आणि आम्ही? विहारात तिचं नाव घ्यायला लागलो. ‘बघा, आजकालची पोरं हॉटेलात लोळतात, आणि ही बघा!’

अश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली. विहार समितीचे सत्याप्पा काका, अतिशय सज्जन माणूस, त्यांनी ठरवलं की रश्मीचा सत्कार करायचा. पांढरी शाल, पुष्पगुच्छ, फोटो. नाव पुकारलं. पोरगी चालत आली. सत्याप्पांनी शाल तिच्या खांद्यावर घातली, आणि ती गुडघ्यावर खाली बसली. कपाळ जमिनीला टेकलं.

आम्हाला वाटलं, वंदना करतेय.

सगळ्या विहारानं हात जोडले आणि एका आवाजात म्हटलं, ‘साधू! साधू! साधू!’

मित्रहो, ती वंदना करत नव्हती. तिला त्या शालीचं वजन पेललं नव्हतं. लोक साधुकार देत होते, कुणी फोटो काढत होतं, आणि भन्तेजी एकटे आसनावरून उठून म्हणाले, ‘ही उठत का नाही?’

ज्या तथागतांनी स्वतः उपाशी राहून पाहिलं, हाडं मोजता येईपर्यंत पाहिलं, आणि हा मार्ग नव्हे म्हणून टाकून दिलं, त्यांच्याच विहारात उपासमारीवर आम्ही शाल पांघरली. कुठल्याही विरोधकानं आमचा एवढा पराभव केला नव्हता.

तिला उचलून दवाखान्यात आणलं. नाडी मंद, रक्तातली क्षारांची घडी विस्कटलेली. आणि तिथं आम्हाला या बाई भेटल्या. साधी सुती साडी, चष्मा कपाळावर, आणि कानडी-मराठी एकाच वाक्यात. त्यांनी नाव सांगितलं: अ‍ॅनोरेक्सिया. आणि दुसऱ्याच वाक्यात सांगितलं की हा जीव घेणारा आजार आहे, आणि ही मुलगी अगदी काठावर उभी आहे.

आता आजाराला नाव मिळालं म्हटल्यावर आमच्या घरात कारणांची सभा भरली. प्रेमानंद म्हणाला, परीक्षेचं टेन्शन. वहिनी म्हणाली, माझंच चुकलं, नोकरीच्या नादात मी ताटाकडे बघितलं नाही. आणि आई... आई, तू पुढच्याच रांगेत बसली आहेस, पण मी सांगणार. आई म्हणाली, ‘माज हाय माज! आमाला मिळत न्हवतं म्हणून आमी उपाशी. हिला मिळतंय म्हणून ही उपाशी! कुनी आइकलंय का असलं?’

राहिलो मी. मी वाचलेला माणूस. मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं. बाजारानं बाईचं शरीर कसं विकायला काढलंय, लग्नाच्या जाहिरातीत ‘सडपातळ’ हा शब्द कसा येतो, मोबाइलमधल्या मुलींची कंबर कशी रोज बारीक होत चाललीय. मध्ये दोन परदेशी विद्वानांचे दाखलेही दिले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सर, तुम्ही रश्मीचा फोन बघितला का?’

‘नाही.’

‘मी तिला विचारून बघितला. त्यात बारीक मुली नाहीत. त्यात जीवशास्त्राच्या नोट्स आहेत आणि धम्मप्रवचनं आहेत. ती एकदाही म्हणाली नाही की मी जाड आहे. ती म्हणते पोट जड आहे, मन स्वच्छ आहे. तुम्ही सांगितलेलं सगळं खरं आहे हो, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीचं आहे.’

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी दर वर्षी वर्गात सांगतो, त्यांच्या नावानिशी. त्या म्हणाल्या, ‘हा आजार ज्या घरात शिरतो, त्या घरातलेच कपडे घालतो. जिथं बारीक कंबरेला मान आहे तिथं तो कंबर दाखवतो. जिथं त्यागाला मान आहे तिथं तो त्यागी होतो. म्हणून घरच्यांना तो ओळखू येत नाही. आपल्यातलाच वाटतो.’

मी विचारलं, ‘मग मूळ कारण काय? मनातलं की समाजातलं?’

त्या म्हणाल्या, ‘दोन्ही. शिवाय शरीरातलंही. काही मुलींची घडणच अशी असते की एकदा उपासमार सुरू झाली की थांबताच येत नाही. त्यात ही सगळं अचूक करणारी मुलगी. जेवण कमी करणंसुद्धा तिनं पहिल्या नंबरानं केलं. पण सर, खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं ते नंतर बघू. आज दुपारी तिला भरवणार कोण, ते आधी सांगा.’

अध्यक्ष महाराज, मी आयुष्यात पुष्कळ वादविवाद केले. एवढ्या कमी शब्दांत कुणी मला गप्प केलं नव्हतं.

पण भरवायचं कसं? रश्मीकडे किल्ला होता. ती म्हणाली, ‘मी शील घेतलंय. दुपारनंतर खाणार नाही. तुम्ही माझं शील मोडणार का?’ आमच्या घरात हे वाक्य ऐकल्यावर कुणाची छाती आहे पुढं बोलायची? प्रेमानंदनं मान खाली घातली. मी मध्यम मार्गावर बोलायला सुरुवात केली. बोलता बोलता आवाज चढला असावा. डॉक्टर म्हणाल्या, ‘सर, भाषण चांगलं आहे. व्हरांड्यात जाऊन करा.’

मी दारातच थांबलो. डॉक्टर रश्मीच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला. ‘मला तुमच्यातलं माहीत नाही, रश्मी. हे शील घेतात ते कळलं. हे संपतं कधी?’

रश्मीनं चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

‘म्हणजे आयुष्यभर असतं का?’

वहिनी हळूच म्हणाली, ‘नाही हो. एका दिवस-रात्रीचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण पंचशील मागून घेतो, की मग रोजच्यासारखं.’

‘मग हिचं का संपलं नाही?’

बंधू-भगिनींनो, त्या खोलीत चार जन्मजात बौद्ध होते. बाहेर सगळी समिती होती. आषाढ ते अश्विन, हे संपतं कधी हा प्रश्न आम्हा कुणाला पडला नव्हता. आम्ही सुरुवातीचा सोहळा करणारी माणसं. कुणी काही सोडलं की आम्ही टाळ्या वाजवतो. परत कधी धरणार, हे विचारायला विसरतो. आणि सोडणारी जर बाई असेल, तर विसरायची आम्हाला सवयच आहे! सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खाणारी बाई आपल्याला आदर्श वाटते की नाही, सांगा बरं? गोविंदराव, मी फक्त आमच्या विहाराला बोलत नाही. तुमच्या गल्लीतल्या नवरात्र मंडळात कडक उपवासाची बक्षिसं लागतात, हे तुम्हीच मला सांगितलंय. धर्म कुठलाही असू दे, उपाशी बाईचा फोटो आपल्याला सुंदर दिसतो!

असो. मी तापतो. गोष्टीकडे येतो.

डॉक्टरांनी भन्तेजींना बोलावलं. भन्तेजी, आपण समोर आहात, माझं चुकलं तर थांबवा. भन्तेजी आले, रश्मीला म्हणाले, ‘बाळ, शील मागितल्याशिवाय मी कुणाला देत नाही. पंचशीलही तू मागितल्याशिवाय देणार नाही. जबरदस्तीचं ते शील नव्हे.’

आम्हाला वाटलं, संपलं सगळं. ही कधी मागणार?

पण डॉक्टर म्हणाल्या, ‘बरोबर आहे, भन्तेजी. तिला वाटेल तेव्हा ती मागेल. पण तिच्या हृदयाला तोवर थांबायला सवड नाही. आजारी माणसाला तुमच्यात काही सूट असते का?’

‘असते की. आजाऱ्याला दुपारनंतर तूप, लोणी, मध, गूळ औषध म्हणून चालतं.’

‘औषध म्हणून?’

‘औषध म्हणून.’

‘मग या खोलीत औषध काय ते मी ठरवणार,’ असं म्हणून डॉक्टरांनी टेबलावरची तूप घातलेली पेज पुढं सरकवली. अगदी थोडी, कारण उपाशी शरीराला एकदम भरपूर दिलं तर तेही जिवावर बेततं, हे त्यांनी आम्हाला बजावलं होतं.

रश्मी ओरडली, ‘तुम्ही दोघं मिळून मला फसवताय!’

डॉक्टर म्हणाल्या, ‘तुला नाही गं. तुझ्या आजाराला. तू माझ्या बाजूला आहेस, फक्त तुला अजून माहीत नाही.’

पहिला चमचा वहिनीनं भरवला. रश्मी रडली, आपल्याच आईला नको नको ते बोलली. वहिनीही रडली, पण चमचा खाली ठेवला नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजार बोलेल, तुम्ही ऐकायचं आणि पुढचा घास धरायचा.

मग घरी आल्यावर भरवण्याच्या पाळ्या लागल्या. सकाळ वहिनीची, संध्याकाळ प्रेमानंदची, दुपार आईची आणि माझी. आईला डॉक्टरांनी ताकीद दिली, ‘आजी, ताटासमोर बसायचं, पण जेवणाचं सोडून बोलायचं.’ आई म्हणाली, ‘जेवनाबिगर माझ्या जन्मात हाय काय बोलाया?’ डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘भांडणं असतील की.’ आणि काय सांगू! वखारीतली, नळावरची, सासरची, अशी एकेक भांडणं आईनं बाहेर काढली की रश्मी एक दिवस आमटीचा घास तोंडात असताना फिसकन हसली. सगळं माझ्या सदऱ्यावर. एवढा मान मला कुठल्याही व्यासपीठावर मिळाला नाही.

याच दुपारींतल्या एका दुपारी, आई आत गेली होती, तेव्हा रश्मी मला म्हणाली, ‘काका, कॉलेज बाबांचं आहे. मार्क वस्तीचे आहेत. नावसुद्धा तुम्ही ठेवलेलं. न जेवणं तेवढं माझं स्वतःचं होतं.’

मी ते वाक्य तसंच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी प्रेमानंदला आणि मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, ‘ते एक तुम्ही तिच्याकडून काढून घेताय. घ्यायलाच हवं. पण मग तिला दुसरं काय देणार, जे फक्त तिचं असेल?’ माझ्या ग्रंथांमधल्या सगळ्या उपपत्त्या या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात. प्रेमानंदनं त्या संध्याकाळी रश्मीला सांगितलं, ‘तुला जे शिकायचं ते शीक. वस्तीला मी सांगतो.’ आणि सांगितलं. पेढे खाल्लेल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. टोमणे ऐकून घेतले. माझा भाऊ फार बोलत नाही. पण शौर्य म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं. आज रश्मी धारवाडला गणित शिकते. समाजाला त्याचा काय उपयोग, असं सत्याप्पांनी विचारलं, तर म्हणाली, ‘काही नाही, काका. मला आवडतं.’

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. एकदा परीक्षेच्या तोंडावर आजार परत आला. परत पाळ्या, परत रडणं, परत डॉक्टर. त्या वैतागल्या नाहीत. ‘तो परत येणार, हे धरूनच चालायचं,’ म्हणाल्या. ‘या खेपेला तुम्हाला ओळखू आला ना? मग आपण पुढं आहोत.’

आणि एका पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी न सांगता, रश्मी विहारात गेली, भन्तेजींसमोर बसली आणि हात जोडून तिनं पंचशील मागितलं. तीनदा, रीतीप्रमाणे. भन्तेजींनी दिलं. समोरच्या पंगतीत उप्पीट वाढलं जात होतं. ती जाऊन बसली. त्या पंगतीत डॉक्टर होत्या, चटईवर, आमच्या आईच्या शेजारी.

ती पंगतही डॉक्टरांच्या ‘हे संपतं कधी?’ या प्रश्नामुळेच. आता आमच्या विहाराची पद्धत अशी आहे: पौर्णिमेला ज्यांनी अष्टशील घेतलं, त्यांनी दुसऱ्या सकाळी एकत्र यायचं, पंचशील घ्यायचं आणि सगळ्यांसमोर जेवायचं. कोण आलं नाही ते बघायचं. सत्याप्पा काका स्वतः दारात उभे राहून बघतात. आणि उपाशी राहण्याबद्दल कुणाचाही सत्कार करायचा नाही, असा समितीनं ठराव केला आहे. या गावातल्या प्रत्येक मंडळाला, देवळाला, मठाला, मशिदीला माझी हात जोडून विनंती आहे. तुमचे उपवास तुम्हाला लखलाभ. पण ते सोडण्याची वेळ जाहीर करा. आणि पोरगी त्या वेळी पंगतीला आली का, ते डोळ्यांनी बघा!

डॉक्टर, तुम्ही आमच्या धर्माच्या नाही. तुम्ही त्याची टिंगल केली नाही आणि त्याला घाबरलाही नाहीत. त्यातला दरवाजा कुठं आहे, एवढं विचारलंत. आमच्या मुलीला आमच्याच दरवाजानं बाहेर आणलंत. आईबापांना गुन्हेगार केलं नाहीत, कामाला लावलंत. हे ऋण शालीनं फिटत नाही, म्हणून आमच्या घरानं आज शाल आणलेली नाही. वहिनीनं डबा आणलाय. मिरजेच्या गाडीत खा.

डॉक्टर किरण, तुम्हाला शुभेच्छा. आमच्यासारखे काका तुमच्या खोलीत येतील, दाखले देतील. व्हरांडा मोकळा ठेवा.

...एक मिनिट. चिठ्ठी आली आहे. सूत्रसंचालकांना वाटत असणार की वेळ झाली. बरोबरच आहे, वक्त्याला चिठ्ठी येते ती—

नाही. हे सूत्रसंचालकांचं अक्षर नाही.

वाचून दाखवतो. ‘काका, आटपा आता. जेवणाचा वास सुटलाय. मला भूक लागलीय.’

डॉक्टर, तुम्ही चष्मा पुसा, मी पाणी पितो.

सभागृहातल्या इतरांना ही साधी चिठ्ठी वाटेल. भूक लागलीय, असं मुली रोज म्हणतात, आया रोज ऐकतात. ज्या घरात ते ऐकू येत नाही, त्या घरालाच याचा अर्थ ठाऊक. आता यापुढं मी एक शब्द जरी बोललो, तर तो तिच्या आणि ताटाच्या मध्ये येईल.

म्हणून अध्यक्षांचे, संयोजकांचे, भन्तेजींचे, आचाऱ्यांचे आणि माझा चढलेला आवाज सोसणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा उपवास, कुणाची श्रद्धा, कुणाचं मन दुखावलं असेल, तर आपला समजून पदरात घ्या. डॉक्टर योगिता, मिरजेत सुखानं राहा.

रश्मी, चल. पानं मांडली आहेत.

जय भीम.